आवडता निवेदक गेला की रेकॉर्डवाल्यांनी त्याची आठवण कशी काढायची

२१ फेब्रुवारी २०२४, बुधवार. सकाळी मोबाईल उघडला तर आमच्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर एकच फोटो पंधरा-वीस वेळा आलेला, खाली हात जोडलेले, दिवे लावलेले, आणि एका काकांनी गडबडीत चुकून केक टाकलेला, जो त्यांना डिलीट करता येत नव्हता. रेडिओवरच्या 'बिनाका गीतमाला' या गाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सायानी आदल्या संध्याकाळी गेले. वय ९१. आम्ही डोंबिवली-ठाणे-दादर असे पसरलेले बारा-तेरा जण, जुन्या तबकड्या जमवणारे, त्यातल्या निम्म्यांना हे वेड लागलं तेच मुळी या आवाजामुळे. काहीतरी करायलाच पाहिजे म्हणून चौथ्या दिवशी घाईघाईत एक श्रद्धांजली सभा घेतली आणि ती इतकी फसली की विचारू नका. सव्वा तास भाषणं, एकानं सायानींची नक्कल केली, दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा बरी केली म्हणून टाळ्या पडल्या, आणि रेकॉर्डी वाजल्या किती, तर चार. त्यातली एक चुकून उलट्या बाजूची.

मग थोडा वेळ जाऊ दिला आणि दुसऱ्यांदा केली. ती जमली. त्यानंतर दोन-तीन ग्रुपनी विचारलं की तुम्ही नक्की काय केलंत, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय. तुमचा माणूस दुसरा कुणी असेल, आकाशवाणीचा असेल, गावातल्या लग्नांत रेकॉर्डी वाजवणारा लाऊडस्पीकरवाला असेल, तरी बरंचसं लागू पडेल. बाहेरच्या देशांत अशा माणसाला डीजे म्हणतात, म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आणि हादरणाऱ्या काचा, त्यामुळे मी आपला निवेदक म्हणतो.

वार आणि वेळ

घाई करू नका. पहिल्या आठवड्यात लोकांनी टीव्हीवर, पेपरात, फोनवर तेच तेच ऐकलेलं असतं, त्यात तुमची भर कशाला. महिनाभर थांबा, तोवर बाकीचे विसरलेले असतात आणि ज्यांना खरंच चुटपुट लागलीय तेवढेच येतात.

आणि तारीख हॉल मिळेल तशी नको, त्या माणसाच्या वेळेवर धरा. सायानींसाठी दुसरी वेळ असूच शकत नाही, बुधवार रात्री आठ. बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, तोही बुधवारच होता. त्याच सुमारास आपल्याकडे माहितीमंत्री बी. व्ही. केसकर यांनी आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली होती, आणि तिकडे श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, युद्धाच्या काळातला दणकट ट्रान्समीटर आयताच पडलेला, मग काय, सगळा देश शॉर्टवेव्हवर कान लावून बसला. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा इथे मुंबईत, टेप विमानानं जायची कोलंबोला, आणि तिथनं परत आपल्या घरात. म्हणजे आवाज मुंबईचाच, पण डोंबिवलीत पोचायचा समुद्राला वळसा घालून. हे आमच्यातल्या तरुण पोरांना माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं सायानी कोलंबोत राहायचे.

बुधवार रात्र म्हणजे नोकरीवाल्यांना त्रास, हे मान्य. तरी रविवारवर घसरू नका. आमच्याकडे दोघं ऑफिसच्या बॅगेसकट थेट स्टेशनवरनं आले, आणि आठच्या ठोक्याला दार बंद केलं तेव्हा जे काही वाटलं ते रविवारी सकाळी अकराला नसतं वाटलं.

लाऊडस्पीकर असेल तर रात्री दहाला बंद, हा नियम आहे आणि शेजारीही आहेत, तेव्हा दोन तासांत संपवायचंय हे धरूनच सगळं आखा. घरच्या हॉलमध्ये आपली माणसं जमवून ऐकताय तर कटकट नाही, पण सभागृह घेऊन, तिकीट लावून करणार असाल तर गाणी वाजवायच्या परवान्याची चौकशी आधी करा. लोक सांगतात की जुन्या गाण्यांना काही लागत नाही, ते अर्धंच खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे तबकडी मोकळी आणि गाणं बांधलेलं असं होऊ शकतं. आम्ही घरीच केलं. सव्वीस माणसं, सोफा गॅलरीत.

गाणी कशी निवडायची

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. आमच्यात एकाकडे अडीच हजार तबकड्या आहेत आणि त्याचं म्हणणं पडलं की मीच सगळ्या आणतो, तुम्ही हात हलवत या. नाही म्हणून सांगितलं. एका माणसाचा खजिना ऐकायला लोक येतात तेव्हा कौतुक खजिन्याचं होतं, गेलेला राहतो बाजूला. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, फार तर दोन, आणि आणायची ती स्वतःच्या हातानं.

आणि मतं मागवा पोस्टकार्डावर. मोबाईलवर पोल टाकला तर लोक चहाचा घोट घेताना बोट दाबतात आणि विसरतात. पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळतं, दोन-तीन पोस्टांत विचारावं लागतं एवढंच. सव्वीस जणांना दहा दिवस आधी सांगितलं, एक गाणं, एक कारण, चार ओळी. तेवीस कार्डं आली. एका आजींचं कार्ड सगळ्यात आधी, त्यात गाण्याचं नाव नाहीच, फक्त "ते नऊवारीतल्या बाईंच्या घरी ऐकलेलं, तुम्हाला कळेल". नाही कळलं. फोन करावा लागला.

हा पोस्टकार्डांचा खटाटोप हौसेपायी नव्हता. गीतमाला सुरू झाली तीच पत्रांवर. सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बरोबर आला तर शंभर रुपये बक्षीस. सायानींना स्वतःला त्या कामाचे आठवड्याला २५ रुपये मिळायचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे ती इतकी वाढली की मोजायची कुणी हा प्रश्न पडला, मग १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून हिट परेड केली, म्हणजे देशभरात कुठली रेकॉर्ड किती खपली आणि श्रोता संघ काय कळवतात यावरनं गाण्याची पायदान ठरायला लागली. नंबर नाही म्हणायचे ते, पायदान.

आता बघा, रेकॉर्ड किती खपली यावरनं. म्हणजे चोर बाजारातनं, रद्दीवाल्याकडनं, कुणाच्या माळ्यावरनं आपण जी तबकडी उचलून आणली ती कधीतरी कुणीतरी दुकानात पैसे मोजून घेतली होती, आणि त्या आठवड्यात ती एक मत म्हणून मोजली गेली असणार. आपल्या कपाटात जे आहे ते त्या मतपेटीतलं उरलंसुरलं आहे. हे आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांच्या डोक्यातनं आलं आणि त्यानंतर आम्ही नियमच करून टाकला की या संध्याकाळी कोरी करकरीत रेकॉर्ड आणायची नाही, घासलेली आणायची. जिच्यावर मूळ मालकाचं नाव शाईनं लिहिलंय, जिचं लेबल भोकापाशी झिजून पांढरं पडलंय, अशी. आवाज चरचरतो, चरचरू दे.

दोन तासांत किती बाजू बसतात? ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं चालते. त्याच्यापुढे निवेदन, तबकडी बदलणं, पिन बदलणं, एखाद्याचं डोळे पुसणं, असं धरून गाण्यामागे सहा मिनिटं. म्हणजे अठरा बाजू झाल्या की पावणेदोन तासांच्या वर गेले, थोडा वेळ हाताशी राहू द्या. अठराच घ्या. मोठी गाणी भाग एक आणि भाग दोन अशी दोन बाजूंवर असतात, तिथे मध्ये उलटायला लागतं, तेव्हा बोलू नका, लोकांना ती शांतता ऐकू द्या, पूर्वी घरात तशीच असायची.

एक सावधगिरी. कुणी मोठं गेलं की बाजारात भाव चढतात. आम्हाला लागणारी एक अगदी साधी रेकॉर्ड, जी एरवी दोनशेला मिळते, तिचे एका विक्रेत्यानं त्या आठवड्यात नऊशे सांगितले आणि वर "साहेब, आता ते गेले ना" असं कारण दिलं. घेऊ नका. ग्रुपमध्ये विचारा, कुणाकडे तरी असतेच.

निवेदन कुणी करायचं आणि कसं

नक्कल नको. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच ज्याला सायानींचं "बहनों और भाइयों" जमतं, आणि तो आल्यापासून संधी शोधत असतो. त्याला आधीच बाजूला घेऊन प्रेमानं सांगा. नक्कल झाली की लोक हसतात, आणि एकदा हसले की पुढचा अर्धा तास गेला.

मात्र त्यांच्या कामातनं उचलण्यासारखं बरंच आहे. एक, बहनों आधी म्हणायचे, भाइयों नंतर. आम्ही पण पहिली रेकॉर्ड एका मावशींच्या हातानं लावली, एरवी आमच्या बैठकांत बायका फक्त चहा-पोह्यांपुरत्या विचारल्या जातात, खोटं कशाला बोला. दुसरं म्हणजे भाषा. त्यांची आई कुलसुम सायानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, भाषा एकच, साधी हिंदुस्तानी, आणि छापलेलं तीन लिप्यांत, देवनागरी, उर्दू, गुजराती. असल्या घरातला मुलगा अवघड शब्द कशाला वापरेल. तेव्हा "स्वरसम्राज्ञी", "अजरामर", "कालातीत" हे सगळं घरी ठेवून या. कोण गातंय, कुणी लिहिलं, चाल कुणाची, कुठल्या साली, आणि पोस्टकार्डावरच्या चार ओळी. झालं. पाऊण मिनिट. घड्याळ लावा, आम्ही लावलं होतं, स्वयंपाकघरातलं अंड्यांचं.

लेबल वाचून दाखवता येईल असं वाटतं, पण फसाल. जुन्या सिनेमाच्या तबकड्यांवर कधी कधी गाणाऱ्याचं नावच नसतं, पडद्यावरच्या पात्राचं असतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९४९ च्या 'महल'चं, गायल्या लताबाई आणि लेबलवर छापलं 'कामिनी', सिनेमातल्या बाईचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं होतं ही कामिनी कोण. म्हणून प्रत्येक तबकडीची एक चिठ्ठी आदल्या दिवशी तयार करा, गीतकाराचं नाव तपासून. गीतकार हमखास गाळला जातो आणि मग मागनं कुणीतरी "अहो, साहिर नाही, शैलेंद्र" असं ओरडतो आणि गाण्याच्या पहिल्या ओळी त्यात जातात.

निवेदन एकालाच देऊ नका, हात बदलत ठेवा. ज्याची रेकॉर्ड त्याचं निवेदन, हे सगळ्यात सोपं. आमच्यातले एक जण अडखळतात बोलताना, त्यांनी चिठ्ठी शेजारच्या मुलीकडे दिली, तिनं वाचली, ते नुसते रेकॉर्ड धरून उभे राहिले. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं निवेदन ते होतं असं माझं मत.

यंत्र, पिन आणि धुणं

आता माझ्या आवडीचा भाग, कंटाळा आला तर पुढे जा.

७८ ची खाच एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकडीच्या, खाचेपेक्षा साधारण तिप्पट रुंद असते. त्यात एलपीची पिन लावली तर ती तळाशी घरंगळत जाते, आवाज खरखर येतो आणि पिनही जाते. वेगळी पिन लागते म्हणजे लागते. जुन्या फिएस्टासारख्या प्लेअरवर पिनेशेजारी छोटा खटका असतो, फिरवला की एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी, तो कुठल्या बाजूला आहे हे दर तबकडीआधी बघा, कारण गडबडीत ४५ ची लावली की विसरलंच. आणि हे जुने प्लेअर पिनेवर वजन बरंच टाकतात, दुर्मिळ एलपी त्यावर लावू नका. नवीन टर्नटेबल घेतलं असेल तर त्यात ७८ चा वेग आहे का ते बघा, बऱ्याच नव्यांत ३३ आणि ४५ च असतात, हे आमच्या एका मित्राला पाहुणे आल्यावर कळलं.

चावीचा ग्रामोफोन काढायचा मोह सगळ्यांना होतो, फोटोला छान दिसतो. काढा, पण दोन-तीन बाजूंपुरता. त्याचा साउंड बॉक्स, म्हणजे पिन धरणारा गोल डबा, शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो तबकडीवर, आणि स्टीलची पिन एका बाजूपुरतीच, दर बाजूला नवी. जुनी पिन "अजून चांगली आहे हो" म्हणून वापरली की ती बोथट होऊन खाच खरवडत जाते, त्यातनं जो काळा भुगा निघतो तो म्हणजे तुमचं गाणं.

वेग तपासायला स्ट्रोबची गोल चकती मिळते किंवा छापून घेता येते. तबकडीवर ठेवायची, वरनं दिवा धरायचा, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण दिवा जुना पिवळ्या तारेचा बल्ब पाहिजे, एलईडीखाली कित्येकदा काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच मशीनला दोष देत बसतो. मी बसलो होतो. तासभर.

धुण्याबद्दल एक दुःखद कथा. फसलेल्या पहिल्या सभेत एका उत्साही भाच्यानं, माझाच भाचा, रेकॉर्डी धुळीनं भरल्यात म्हणून सॅनिटायझरनं पुसल्या. कोविडपासून घरात बाटल्या पडून आहेतच. ७८ ची तबकडी लाखेची असते, शेलॅकची, आणि लाख स्पिरिटात विरघळते, सुतार पॉलिश करतात ते याच्यावरच. पहिली पुसली तेव्हा फडक्याला काळा रंग आला, तो म्हणाला, "मामा, केवढी घाण होती बघ!" मी बघितलं तर चकाकी गेलेली, हातभर लांबनं सुद्धा दिसावी अशी मळकट पट्टी, आणि खाचा बुजलेल्या. वाजवून बघितली. पाण्याखालनं कुणी बोलावं तसा आवाज. त्याला काय रागावणार, त्याचं चुकलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

तर लाखेच्या तबकडीला स्पिरिट, अल्कोहोल, काचा पुसायचा स्प्रे, काहीच नको. डिस्टिल्ड वॉटर, तेच बॅटरीत घालतात ते नवं सीलबंद, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, एकच, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुसायचं आणि ताटं वाळत घालायच्या जाळीत उभी ठेवायची. उन्हात नाही. आदल्या रात्री धुवा, त्याच दिवशी नको, ओली तबकडी आणि घाईतला माणूस एकत्र आले की काय होतं ते सांगायला नको. पावसाळ्यात पांढरी बुरशी आलेली असते, तिला हाच उपाय, फक्त दोनदा.

लाखेवरनं आठवलं. ही लाख यायची मोठ्या प्रमाणावर छोटा नागपूरच्या पठारावरनं, आणि फर्माइशींच्या पत्रांसाठी ज्या गावाची अख्ख्या देशात मस्करी व्हायची ते झुमरी तलैया पण त्याच पठारावर, अभ्रकाच्या खाणींचं गाव. म्हणजे एका मुलखातनं तबकडीचा माल पण जायचा आणि ती वाजवा म्हणून पत्रं पण. हे मी निवेदनात घुसवायचा प्रयत्न केला, पण अंड्याचं घड्याळ वाजलं.

लोकलमधनं आणताना तबकड्या उभ्या धरा, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, मांडीवर. रॅकवर नाही, कुणीतरी वरनं बॅग आपटतोच. आडव्या ठेवून त्यावर डबा ठेवू नका. आणि घरात सोफ्यावर तर मुळीच ठेवू नका, "जरा सरका हो" म्हणत कुणीतरी बसतं. तो आवाज ज्यानं एकदा ऐकलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. चहा दुसऱ्या खोलीत, आणि भजी बिलकूल नको, तेलकट बोटं खाचेत जातात. आम्ही सुका चिवडासुद्धा कार्यक्रमानंतरच काढला.

मग त्यांचा आवाज कुठनं आणायचा

हाच प्रश्न सगळ्यात आधी पडतो आणि उत्तर सगळ्यात शेवटी सापडतं. तबकड्यांवर गाणी आहेत, पण गाण्याच्या आधी बोलणारा माणूस नाही. तो टेपवर होता, हवेतनं आला आणि गेला. नंतर निघालेल्या संकलनांत त्यांचं निवेदन मिळतं, ते स्वच्छ आहे, स्टुडिओतलं, लावायला हरकत नाही. पण आधी घरातल्या कॅसेटी शोधा. ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गीतमाला भरून घेणारा एक तरी मामा, एक तरी आजोबा प्रत्येक घराण्यात होता. कार्यक्रम १९८९ नंतर विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला, तेव्हा कॅसेटी असायची शक्यता चांगली आहे. माळ्यावर, लग्नाच्या आणि सत्यनारायणाच्या कॅसेटींत मिसळलेल्या.

सापडली की लगेच प्ले दाबू नका. आधी कॅसेटच्या तोंडाशी आत बघा, टेपमागे एक छोटी फेल्टची गादी असते, ती बऱ्याचदा गळून पडलेली असते आणि मग आवाज येतो-जातो. गादी नसेल तर दुसऱ्या फालतू कॅसेटची काढून लावता येते, स्क्रूवाली असेल तर सोपं, चिकटवलेली असेल तर ज्याला जमतं त्याच्याकडे द्या. टेपरेकॉर्डरचं हेड कापसानं पुसून घ्या, इथे मात्र स्पिरिट चालतं, भाच्याला ही कामगिरी दिली. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेली टेप मोकळी होते. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर भरून घ्या, पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. आवाजाची पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवा. खरखर काढायची सॉफ्टवेअरं आहेत, त्यांच्या नादी लागू नका, निदान मूळ फाईलवर नको, कारण खरखरीबरोबर घर पण निघून जातं.

आमच्याकडे एका मावशींच्या वडिलांची कॅसेट निघाली. वर निळ्या शाईत "गीतमाला, बुधवार" एवढंच, साल नाही. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या, मग एक बाईचा आवाज, "अहो, तो गॅस बारीक करा", आणि वडील काही न बोलता उठतात, खुर्ची सरकल्याचं ऐकू येतं. मावशींनी ती कॅसेट वडील गेल्यानंतर ऐकलेलीच नव्हती. तेव्हा असलं काही सापडलं तर आधी घरच्यांना एकट्यांना ऐकवा, लोकांसमोर पहिल्यांदा नको. आम्ही दोन दिवस आधी ऐकवलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "लावा. कुकर कापू नका."

कॅसेट शेवटून दुसरी ठेवा, त्यानंतर एकच रेकॉर्ड. आमची कॅसेट अशा जागी संपते की सायानी पुढच्या पायदानाबद्दल सांगतायत, गायकाचं नाव घेतात, सिनेमाचं नाव घेतात, आणि गाणं सुरू व्हायच्या आत खट्, बाजू संपली. कित्येक वर्षं ते गाणं तिथेच अडकलंय. ते ओळखून आम्ही तीच रेकॉर्ड शोधली, दादरच्या काकांकडे निघाली, चांगली घासलेली. टेपरेकॉर्डरचं बटण उडालं त्याच क्षणी पिन टेकवायची असं ठरलं होतं. दोनदा तालीम केली होती तरी माझा हात थरथरला आणि पिन एक-दोन खाचा पुढे पडली, वाद्यांचे पहिले दोन सेकंद गेले. कुणी काही बोललं नाही. मावशी डोळे मिटून होत्या. गाणं संपलं, खाच संपली, पिन आत गोल गोल फिरत राहिली आणि ती उचलायला कुणी उठेना, शेवटी भाच्यानं उचलली.

सभा, आभार, दोन मिनिटं उभं राहणं, यातलं काही ठेवलं नाही. नऊ पन्नासला दिवे लावले, चिवडा काढला.

एक वही ठेवा. कुठली बाजू, कुणाची तबकडी, कुणी निवेदन केलं, पोस्टकार्ड कुणाचं. पोस्टकार्डं त्याच वहीत चिकटवा. पुढच्या वर्षी परत करायचं झालं तर त्याच गाण्यांची भांडणं नकोत. तुमच्या भागात कुणी नसेल तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, असल्या बैठकांची सवय असलेली माणसं तिथे भेटतात.

आणि निघायच्या आधी प्रत्येकानं आपली तबकडी कव्हरातनं बाहेर काढून लेबल बघायचं, मगच चप्पल घालायची. आम्ही हे केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आजींचा फोन, "अरे, माझ्या कव्हरात ही कुणाची रेकॉर्ड आहे? ही तर बँड वाजवतायत." एकाचं तर सापडलं, पण दादरच्या काकांच्या कव्हरात काय आहे आणि त्यांची कुठे गेली ते अजून शोधतोय.